पनवेल साउथला चाललं

धनेशने मोबाइलवर बोर्डाचा नमुना समोर धरला तेव्हा मी आधी चष्मा पुसला. चूक चष्म्याची असावी अशी आशा होती. आपटा रोडवरच्या त्याच्या नव्या इमारतीवर हा बोर्ड लागणार होता. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं : ‘पनवेल इज गोइंग साउथ!’

“काका, स्पेलिंग तेवढं बघा. उद्या छापायला टाकतो.”

धनेशच्या वडिलांची भातशेती होती, तो बिल्डर झाला. या इमारतीचं मुख्य दार दक्षिणेला, म्हणजे यमाच्या दिशेला, म्हणून फ्लॅट खपत नव्हते. गिऱ्हाईक यायचं, मोबाइलवर होकायंत्र उघडायचं आणि चहा न घेता निघून जायचं. तेव्हा धनेशने ठरवलं, दक्षिण म्हणायचंच नाही. साउथ म्हणायचं. इंग्रजीत यम नसतो.

स्पेलिंग बरोबर होतं. पण इंग्रजीत एखादी गोष्ट साउथला गेली म्हणजे ती घसरली, बिघडली, कामातून गेली. निदान मला तसं वाटत होतं. आणि हे त्याला सांगायचं तर मी चालवतो त्या वाचनालयाचा प्रश्न होता. जुन्या जागेतून आम्हाला निघायचं होतं आणि धनेशने तळमजल्यावरची उत्तरेकडची खोली फुकट द्यायचं कबूल केलं होतं. तो दुखावला तर पुस्तकं रस्त्यावर.

“उद्या सांगतो,” म्हणून मी घरी पळालो आणि तीन डिक्शनऱ्या काढून बसलो.

“काय शोधताय?” बायकोने, कुमुदने विचारलं.

“साउथ वाईटच आहे.”

“ते माझ्या आजीलाही ठाऊक होतं. त्याला तीन डिक्शनऱ्या कशाला?”

“वेस्टही वाईट. वेस्टला गेला म्हणजे मेला.”

“मग इंग्रज राहतात तरी कुठे?” ती म्हणाली. “सांगून टाका त्याला.”

“आणि खोली गेली म्हणजे?”

“पुस्तकं पलंगाखाली टाकू. पण तो बोर्ड लागला तर जन्मभर तुमची कुरकुर मला ऐकावी लागेल.”

सकाळी धनेश साइटवर वाळूच्या ढिगाशेजारी उभा होता. मी घसा साफ केला. पुन्हा केला.

“धनेश, माझं चुकतही असेल, पण साउथला जाणं म्हणजे... वाट लागणं.”

“कुनाची?”

“पनवेलची. बोर्डाप्रमाणे.”

त्याने मोबाइलवरचा नमुना बोटांनी मोठा करून पाहिला. माझ्या डोळ्यांसमोर पलंगाखालची धूळ आली.

“म्हंजे इंग्रजांना पन वास्तू हाय?”

“वास्तू नव्हे. नकाशात दक्षिण खाली असते, बहुधा म्हणून...”

“वास्तूच हाय! च्यायला, एवढं राज्य केलं आन कुनाला सांगितलं नाय. नॉर्थचं कसं हाय?”

“नॉर्थ बरं आहे. खरा नॉर्थ म्हणजे आपली योग्य दिशा, असं हल्ली म्हणतात.”

धनेश इमारतीला वळसा घालून मागे गेला. मीही गेलो. त्याने एका भिंतीवर थाप मारली.

“मेन दार इथं काढतो. बोर्डावर नॉर्थ टाकतो. काका, तुमी वाचवलंत.”

ती भिंत वाचनालयाच्या खोलीची होती.

“छान,” मी म्हणालो. मग, कुठून धीर आला कोण जाणे, विचारलं, “आणि आमची पुस्तकं?”

“जातायत कुठं? पुढचं जुनं दार हाय ना, ते बंद करून तिथं मोठी खोली काढतो. पयलीपेक्षा मोठी. कोन विकत घेनार हाय ती?”

“पण ते यमाचं दार.”

“काका, राग मानू नका,” धनेश खरोखरच्या आदराने म्हणाला, “तुमचे मेंबर बघितलेत मी. सगळ्यांना जवळच पडंल.”

इंग्रजीत त्यासाठी वेस्टला जातात, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पश्चिमेला त्याने पार्किंग काढलं होतं; पुस्तकं तिथे गेली असती. मी नव्या खोलीची मापं विचारली.