पडून न तुटणारी सुरी

मरियमच्या हातून सुरी पडायला लागली, तेव्हा फिलिपकाकांनी दोष सुरीला दिला. बायकोला दोष देण्यापेक्षा पोलादाला दिलेला बरा, ते उलटून बोलत नाही. शिवाय पोलाद हा काकांचा प्रांत. सोनईजवळच्या साखर कारखान्यात चाळीस वर्षं फिटर. केसाएवढा फरक बोटानं ओळखायचे आणि त्या हाताचा तोरा गल्लीभर मिरवायचे.

मरियमचे हात वर्षभरापासून कापत होते. ती म्हणायची, "डोळ्यांनी दिसंना झालंय." काका म्हणायचे, "व्हय, चष्मा बदलू." बशीत सांडलेला चहा दोघांनाही दिसायचा. पण फरशीवर पडून तिसऱ्या सुरीचं टोक उडालं, तशी ती म्हणाली, "उद्यापासून शेजारची सविता भाजी चिरून देईल." चर्चच्या जेवणाला दीडशे माणसांचा कांदा एकटीनं चिरणारी बाई ती. एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून बसली. काकांचा जीव तुटला.

मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी तीन सुऱ्या घडवल्या. पहिली लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याची. धार अशी की टोमॅटोलाही कळू नये. पण ओट्याच्या उंचीवरून फरशीवर टाकली, तर दोन तुकडे. दुसरी बेअरिंगच्या पोलादाची. पाचव्या वेळी धारेचा टवका उडाला. कडकपणाचंही अति तिथं माती! तिसरी ट्रकच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या पाट्याची, जरा कमी कडक ठेवलेली. ती वीस वेळा पडली. धार एका जागी मुडपली, तेवढी दगडावर घासून सरळ झाली. आठ दिवस शेडमधून खणखणाट चालला होता.

रविवारी चर्चहून आल्यावर त्यांनी सुरी तिच्यापुढे ठेवली. "कितीबी पडू दे, तुटायची न्हाई. भाजी तूच चिर."

मरियमनं सुरीकडे पाहिलंच नाही. ती त्यांच्या हातांकडे बघत होती, आणि तिचे डोळे भरले होते.

"आठ दिस ऐकतीय मी. शेडमधी सारखं हातातनं पडतंय तुमच्या. तुमचाबी हात कापाय लागला ना? मला वाटलं, मी एकटीच म्हातारी झाले. लाजंनं बोलले न्हाई हो. डोळ्यांचं खोटंच सांगत हुते."

काकांनी तोंड उघडलं. मुद्दाम टाकत होतो, परीक्षा घेत होतो सुरीची, एवढंच सांगायचं होतं. पण वर्षभरात पहिल्यांदा ती हात पदराखाली न लपवता बसली होती.

"व्हय गं," ते म्हणाले. "लई दिस झाले. सांगायची मलाबी लाज वाटत हुती."

मरियमनं डोळे पुसले आणि कांद्याची टोपली ओढली. "तुमी सोला, मी चिरते. पडली तर पडू दे."

थोड्या वेळानं सविता भाजी चिरायला आली. मरियम चिरत होती, आणि काकांच्या हातातून कांदा निसटून पार दारापर्यंत गेला.

"अगं बाई! काकांचाबी हात कापतोय व्हय?" सविता म्हणाली. म्हणजे संध्याकाळपर्यंत गल्लीभर होणार.

"व्हय की," काका म्हणाले, आणि त्यांनी दुसराही पाडला.