नळ बंद, पंप चालू

घरातले सगळे नळ बंद असताना पाण्याचा पंप आपोआप सुरू झाला, तर त्याचा अर्थ एकच. पाणी कुठेतरी जातंय. आमच्या गाडीतला पंप त्या नोव्हेंबरात दिवसभर

ढुर्र.

हे असं. वाक्य पुरं करू देत नसे.

मी आर्लिस. व्हर्लिनची बायको आणि या मोटारहोमची अर्धी मालकीण. चालते तेव्हा गाडी व्हर्लिनची असते, गळते तेव्हा माझी. नेब्रास्कातलं घर आम्ही विकून टाकलं. उन्हाळा पुतण्याच्या अंगणात काढतो, पाणी त्याच्याच घरातलं वापरतो, आणि बर्फाची चाहूल लागली की हे चार चाकांवरचं बिऱ्हाड अ‍ॅरिझोनात, यूमा गावाबाहेरच्या, अशाच गाड्यांसाठीच्या या पार्कात आणून लावतो. इथे सगळेच तसले. सगळे निवृत्त, सगळे उन्हाने भाजलेले, आणि सगळे दुसऱ्याच्या गाडीखाली वाकून बघण्यात तरबेज.

पार्कचा नियम असा की दहा वर्षांहून जुनी गाडी ठेवायची तर व्यवस्थापिकेची मेहेरबानी हवी. आमची गाडी त्या नियमाहूनही म्हातारी. व्यवस्थापिका नेडीन क्रेब्स हंगामाच्या सुरुवातीला येतात, गाडीभोवती फेरी मारतात आणि मान हलवतात. उभी किंवा आडवी. खाली ओल दिसली की आडवी. गेल्या वर्षी शेजारच्या फ्लॉइडला आडवी मिळाली. तो आता मुलीच्या तळघरात राहतो आणि खिडकीतून बर्फ आणि लोकांचे बूट बघतो. आम्हाला मुलगी नाही, त्यामुळे तळघरही नाही. आमची फेरी शनिवारी होती, आणि मागच्या उजव्या चाकाशी

ढुर्र.

ओल होती.

"संडासामागचा पाइप," व्हर्लिन म्हणाला. तो शाळेत गणित शिकवायचा. त्याचं उत्तर आधी येतं, गणित मागाहून.

"बघितलास?"

"बघायची काय गरज? ओल मागे आहे, संडास मागे आहे."

"तूही मागेच झोपतोस."

त्याने संडासामागची फळी उचकटली. पाइप ठणठणीत कोरडा. मग सिंकखालचं कपाट रिकामं केलं. मग पाणी तापवायच्या टाकीभोवतीचं सगळं. माझी भांडी, त्याची अवजारं आणि आम्हा दोघांची अंतर्वस्त्रं बाहेरच्या टेबलावर मांडली गेली, आणि पार्कातल्या झाडून सगळ्यांना नेमकं त्याच वेळी आमच्या गल्लीतून फिरायला जायचं होतं.

पाच वाजता इथे लोक खुर्च्या आणि थंड बिअरचे डबे घेऊन कुणाच्या तरी गाडीच्या कापडी छताखाली जमतात. त्या दिवशी आमच्याकडे जमले. आमच्या गळतीभोवती अर्धवर्तुळ केलं. एकाने सांगितलं की पंप बदला, दुसऱ्याने सांगितलं की गाडी बदला. बॉइड तेवढा उठला. तो निवृत्त दंतवैद्य. खिशातून तोंडात घालायचा तो चिमुकला आरसा काढला आणि कपाटात डोकं घातलं.

"कागद द्या कोणीतरी. संडासातला. कोरडा," कपाट बोललं. "प्रत्येक सांध्याखाली एकेक घडी ठेवायची. जी भिजेल तो दोषी."

"आणि नाही भिजली तर?"

"तर आर्लिस, कागद परत वापरायला मिळेल."

एकही घडी भिजली नाही. बॉइड हळहळला. "एवढ्या धडधाकट हिरड्या मी आयुष्यात बघितल्या नाहीत." पंपाने

ढुर्र

दुजोरा दिला.

दुसऱ्या दिवशी मी पॅनकेक करत होते. पीठ तव्यावर ओतलं की ते मागच्या उजव्या कोपऱ्याकडे पळायचं. आल्यापासून तेच चाललं होतं. आमचे सगळे पॅनकेक एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला करपलेले.

"व्हर्लिन, गाडी तिरकी आहे."

"नाही. मी स्वतः मोजून लावलीये."

"पीठ पळतंय रे."

"पीठ पातळ झालंय तुझं."

"पीठ पळतं, तसं पाणीही पळत असेल. गळतंय एकीकडे आणि टपकतंय दुसरीकडे."

तो कागदावर गणित मांडायला बसला. गणिताच्या शिक्षकाला असं बसायला फार वेळ लागत नाही, पण त्यातून उठायला लागतो. शेवटी बॉइडने आणि मी मागच्या उजव्या चाकाखाली फळ्या सारल्या, बॉइडने गाडी मागेपुढे करून त्यांवर चढवली, आणि मी तव्यावर पुन्हा पीठ ओतलं. ते जागच्या जागी गोल बसलं. तासाभराने मागची ओल सुकायला लागली आणि नवी ओल आली दाराशेजारी, भिंतीच्या बरोबर खाली.

त्या भिंतीवर बाहेरून मानाची पाटी होती: *हंगामातली सर्वांत नेटकी जागा.* गेल्या मार्चमधल्या निरोपाच्या जेवणाला ती नेडीनबाईंनी स्वतः लावली होती. त्यांच्या कमरेला ड्रिल कायम असतं. दोन लांबलचक स्क्रू, टाळ्या, फोटो. मी तर रडलेसुद्धा.

पाटी काढायला घेतली. डाव्या स्क्रूभोवती गुलाबी कडं होतं.

मार्चमध्ये इथून निघताना नेब्रास्कात अजून गोठत असतं, म्हणून आम्ही पाइपांत न गोठणारं गुलाबी पाणी भरतो. ते इथे कसं आलं, हे कळायला गणित लागलं नाही. बॉइडने स्क्रू फिरवला आणि त्याच्या चष्म्यावर पिचकारी बसली.

"मानाची," तो म्हणाला.

पंप बंद केला. आतून सिंकमागची फळी काढली. जुना राखाडी पाइप, मधोमध भोक. तेवढा तुकडा कापला, नवा घातला, दोन्हीकडे कड्या आवळल्या, भिंतीची भोकं बुजवली. शेवटची कडी पकडीने दाबत बॉइड पाइपाला म्हणाला, "आता चूळ भरा."

प्रश्न पाटीचा उरला. पुढची जागा निवडली जाईपर्यंत ती लावून ठेवणं बंधनकारक.

"नेडीनना खरं सांगू या," व्हर्लिन म्हणाला.

"काय? की बाई, तुम्हीच भोक पाडलंत, आता मेहेरबानी करा? फ्लॉइडने त्यांना त्यांची चूक दाखवली होती. विचार त्याला तळघरात फोन करून."

पाटी चिकटपट्टीने लावली.

शनिवारी नेडीनबाई आल्या. वाकल्या. खाली धूळ. कोरडी, सुंदर, पाखडून घेतल्यासारखी धूळ. मान उभी हलायच्या बेतात होती, तेवढ्यात थबकली.

"आर्लिस, पाटी तिरकी आहे तुमची."

आणि हात कमरेला गेला. ड्रिल बाहेर आलं. मी पाटीवर पंजा ठेवला.

"पाटी सरळ आहे," व्हर्लिन म्हणाला. "गाडी तिरकी आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे मी चुकलो, नेडीन. मोजताना. आल्या दिवसापासून तिरकी आहे. हवं तर हिला विचारा, पॅनकेक करते ती."

त्याच्या तोंडून 'मी चुकलो' मी पहिल्यांदा ऐकलं. गाडी त्या क्षणी उभ्या पार्कात सगळ्यांत सपाट होती.

नेडीनबाईंनी ड्रिल परत अडकवलं. "मग सरळ करून घ्या. एवढी वर्षं गणित शिकवलंत आणि..." मान उभी हलली. गेल्या.

पाच वाजता खुर्च्या आल्या. बॉइडने विचारलं, काय झालं, आणि मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, पंपाने एकदाही मध्ये न तोडता. पीठ पातळ होतं की नव्हतं, तेही.