चार्जर कुठे बसवायचा

पन्नाशी उलटल्यावर विजयाबाई गाडी चालवायला शिकल्या, तेव्हा घरात सगळ्यांनी तोंडभरून कौतुक केलं. कौतुक करायला कुणाचं काय जातं?

उधन्यातल्या मराठी शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या आणि राहायला होत्या लांब, हायवेवरच्या कामरेजला. वसंतरावांनी बँकेतून निवृत्त झाल्यावर बायकोला मोटारसायकलवरून शाळेत सोडण्या-आणण्याचं काम अंगावर घेतलं होतं. सोडायचे अगदी वेळेवर, कारण उधन्यातच त्यांच्या मित्रांचा पत्त्यांचा डाव बसायचा. आणायला मात्र डाव उठल्यावर यायचे. शाळा सुटली, पोरं पांगली, वर्गांना कुलपं लागली, तरी विजयाबाई आपल्या फाटकाशी उभ्या. बसने येते म्हटलं, की मी असताना बसमध्ये कशाला चेंगरतेस, हे वसंतरावांचं ठरलेलं उत्तर. शेवटी शिपाई भिकनलाच दया आली आणि तो रोज फाटकापाशी एक खुर्ची आणून ठेवू लागला. त्या खुर्चीची विजयाबाईंना फार लाज वाटायची.

म्हणून ही गाडी. जुनी, पण विजेवर चालणारी, पांढरी, आधीच्या मालकाने जपून वापरलेली. विजयाबाईंनी स्वतःच्या फंडातून, स्वतःच्या नावावर घेतली. स्टाफरूममध्ये पेढे वाटले आणि भिकनला सांगितलं, आता ती खुर्ची आत ठेवून दे. सांगताना आवाज जरा चढलाच त्यांचा, आणि का चढू नये?

राहिला चार्जर. नवा धडा शिकवायच्या आधी करतात तशी त्यांनी तयारी केली. ही गाडी जुनी, फार वीज ओढायची तिची ताकदच नाही. रात्री लावली की सकाळी तयार. तेव्हा लहान चार्जर पुरे, फक्त अर्थिंग पक्कं हवं आणि मीटरपासून वायर वेगळी. सेक्रेटरीच्या घरी खेटे घालून त्यांनी सोसायटीची परवानगीही आणली. पार्किंगमधल्या ज्या खांबावर चार्जर यायचा, त्यावर खडूने फुली मारून ठेवली.

रविवारी मुलगा मंदार आणि सूनबाई अनुजा वेसूहून जेवायला आले. लहान नको, मोठा घेऊ, मंदार म्हणाला. भिंतीवरचा, मोबाइलवरून चालू-बंद होणारा. वसंतरावांनी लगेच मान डोलावली. विजयाबाईंनी समजावून पाहिलं, की या गाडीला मोठा लावला काय नि लहान लावला काय, वेळ तेवढाच लागणार. मंदार म्हणाला, पुढे नवी गाडी येईल, तिला लागेल ना. कुणाची नवी गाडी, हे विजयाबाईंनी विचारलं नाही. पोरगा आईसाठी लांबचा विचार करतोय, असं वाटून त्या उलट सुखावल्या. वर्गात एवढ्या चौकस असलेल्या बाई पोराच्या बाबतीत अशा भोळ्या.

आठवडा गेला तरी चार्जरचा पत्ता नाही. शेवटी मंदारने ठरवलेल्या इलेक्ट्रिशियनला, योगराजला, विजयाबाईंनीच फोन करून बोलावलं आणि खाली नेऊन खांब दाखवला. तो त्या फुलीकडे बघतच राहिला.

"ताई, चार्जर तर मी परवाच बसवला. वेसूला, मंदारभाईंच्या रो-हाऊसवर," तो म्हणाला. "साहेबांनीच उभं राहून जागा दाखवली."

साहेब म्हणजे वसंतराव. परवा डाव लांबला म्हणत उशिरा आले होते, ते यासाठी.

विजयाबाई जिना चढून वर आल्या. वसंतराव टीव्ही बघत होते. त्यांना ना लाज, ना संकोच. मंदारला नोकरीसाठी हजिऱ्याला रोजचं जाणं-येणं आहे, गाडी त्याच्याकडेच राहू दे, तुझ्या नोकरीची दोनच वर्षं राहिलीत, हायवेच्या ट्रकांमधून तू काय गाडी काढणार, असं सगळं त्यांनी प्रेमाने समजावलं. वर म्हणाले, "आणि मी आहे ना तुला सोडायला."

"तुम्ही आहात म्हणूनच तर घेतली होती," विजयाबाई म्हणाल्या.

वसंतरावांनी ऐकलं असावं, कारण त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

शनिवारी मंदार चावी घ्यायला आला. विजयाबाईंना नाही म्हणता आलं असतं. पण खाली सोसायटीची माणसं होती, अनुजा "मम्मी, रविवारी तुम्हाला फिरवायला गाडी आणू हं" म्हणत होती, आणि मंदारने हात पुढे केला होता. लहानपणी खाऊसाठी करायचा तसाच. विजयाबाईंनी चावी दिली. मंदारपेक्षा, वसंतरावांपेक्षाही त्यांना स्वतःचाच जास्त संताप आला, आणि तो पुढे कधी उतरला नाही.

सोमवारी शाळा सुटली. वर्गांना कुलपं लावून भिकन फाटकापाशी आला, तर बाई नेहमीच्या जागी उभ्या. त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं.

"बाई, तुमनी गाडी कोठे शे?"

"चार्जिंगला लावलीय," विजयाबाई म्हणाल्या.

आत जाऊन भिकनने ती खुर्ची आणली, खांद्यावरच्या फडक्याने पुसली आणि फाटकापाशी ठेवली. विजयाबाई बसल्या. डाव उठायला अजून वेळ होता.