लोढण्याची रेघ

मी एक जुनं लोढणं आहे. हसलात ना? ठाऊक होतं मला! माझं नाव घेतलं की माणसं एक तर हसतात, नाही तर कुणाला तरी टोमणा मारतात. 'गळ्यात लोढणं पडलं बाबा,' म्हणताना त्यांचं तोंड कसं वाकडं होतं, ते मी आयुष्यभर पाहत आलो आहे. मित्रांनो, लोढणं म्हणजे पळकुट्या गाईच्या गळ्यात दोरीने टांगलेला लांब ओंडका. गाय धावायला लागली की मी तिच्या गुडघ्यांवर आपटतो. मग ती मुकाट्याने चालते आणि लोकांचं धान वाचतं. एवढंच माझं काम.

माझा जन्म देवरीकडच्या जंगलातला. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी दिवाळीच्या आधी दुधरामने धावड्याची एक जाड फांदी तोडली, तिची साल काढली आणि एका टोकाला भोक पाडलं. झालं, मी तयार! दुधराम गावचा ढोरकी. साऱ्या गावाची ढोरं तोच चारायचा. त्याने मला देवचंद नावाच्या शेतकऱ्याच्या कबरी गाईच्या गळ्यात बांधलं. कबरी म्हणजे अवखळपणाचा कळस. तलावाखालच्या धानात शिरल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

कबरीची आई चांदी. पांढरीशुभ्र, गरीब, दुधाळ. आणि तिच्या गळ्यात ती होती. पितळी घंटी!

काय सांगू तुम्हाला त्या घंटीचा तोरा! चांदी गोठ्यातून निघाली की घरोघरची बायामाणसं म्हणायची, "आली वो देवचंदची चांदी. काय गोड वाजते!" देवचंदची बायको कुंदाबाई दर सणाला चिंच आणि राख लावून तिला घासायची, मग चकाकणारी घंटी आपल्याच पदराने पुसायची. मी तिथेच दोन हातांवर, शेणाने माखलेला. एकदा तरी पाण्याचा हात फिरवावा? छे! उलट कुंदाबाईच्या साडीला लागलो तर म्हणायची, "सर रे मेल्या लोढण्या!" माझा नुसता जळफळाट व्हायचा. ती दिवसभर काय करते? वाजते. मी दिवसभर गुडघे अडवतो, धान राखतो, भांडणं टाळतो. पण जे वाजतं ते लोकांना दिसतं, हे मला तेव्हाच कळून चुकलं.

सगळ्यात जास्त जळायचो ते दिवाळीच्या पाडव्याला. त्या दिवशी आमच्याकडे गायगोधन असतं. गावाबाहेरच्या आखरावर सगळी ढोरं जमतात. ढोरकी मोरपिसांची ढाल खांद्यावर घेऊन नाचतो आणि वर्षभर ढोरं सांभाळल्याबद्दल अख्खं गाव त्याला मान देतं. दुधराम दर वर्षी ढाल टेकवून पहिलं कुंकू चांदीच्या कपाळाला लावायचा आणि त्याच बोटाने घंटीला. मला कुणी साधं विचारतही नसे.

सहाव्या वर्षी, पाडवा चार दिवसांवर आला होता तेव्हाची गोष्ट. चांदी तलावावर पाणी प्यायला वाकली, घंटीची कुजलेली दोरी तुटली आणि घंटी डुबुक करून चिखलात गेली. दुधराम पाठमोरा होता. मी मात्र पाहिलं. आणि खोटं कशाला बोलू, मित्रांनो, मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की काय सांगू! घे म्हटलं, आता वाज चिखलात!

दुपारी दुधराम मोहाच्या झाडाखाली बसला. त्याची एक रीत होती. तो डोळे मिटून बसायचा आणि घंटीच्या आवाजावरून ढोरं कुठे आहेत ते ओळखायचा. त्या दिवशीही घंटी वाजत होती, पण ती नाल्यापलीकडे चरणाऱ्या दुसऱ्या गावच्या ढोरांतली होती. दुधरामला वाटलं, आपलीच. तो निर्धास्त राहिला. तेवढ्यात चांदी जंगलात शिरली आणि आईच्या मागे कबरी, कबरीबरोबर मी.

पुढे एका ओहोळात चांदीचा पाय दोन दगडांत अडकला. ती हंबरून हंबरून थकली. कबरी तिला सोडून हलेना. अंधार पडला तशा दोघी भीतीने थरथरायला लागल्या, कारण त्या बाजूला वाघाचा वावर होता. तेव्हा मला लाज वाटली. घंटी असती तर दुधराम कधीच धावत आला असता. हे कबूल करताना माझा जीव जड झाला, पण खरं ते खरं.

तिकडे गावात काय झालं ते मला नंतर कुंदाबाईच्या तोंडून कळलं. संध्याकाळी दोन गाई कमी दिसल्या तसा देवचंद दुधरामच्या दारात उभा राहिला.

"दुधराम, गाई हरपल्या का इकल्या?"

"बापू, तीस वरसं झाली ढोरं चारून राहिलो. एक वासरू बी हरपलं नाही माज्या हातून."

"मंग आजच काऊन हरपल्या? उद्या गाई आल्या नाही, तर पाडव्याले ढाल तू उचलायची नाही. दुसरा ढोरकी पाहतो आमी."

चोर म्हटलं हो त्याला! ज्याने दुसऱ्याच्या गाईचं दूध कधी चोरून तोंडाला लावलं नाही, त्याला! दुधराम जेवला नाही. तांबडं फुटताच तो तलावापासून जंगलाकडे निघाला, मागे देवचंद. खुरांचे ठसे शेकडो होते. त्यांत चांदीचे कोणते, कसं कळावं? एकाएकी दुधराम खाली बसला. ओल्या मातीत खुरांच्या मधोमध एक लांब रेघ ओढलेली होती.

"बापू, हे पाहा. कबरीचं लोढणं गेलं हितून!"

माझी रेघ, मित्रांनो! मी आपला खालच्या टोकाने जमिनीवर रखडत, आपटत, कुरकुरत गेलो होतो आणि मागे रेघ ओढत गेलो होतो. ती धरून दोघं थेट ओहोळापर्यंत आले. देवचंदने चांदीचा पाय सोडवला. "दुधराम, माजं चुकलं," तो म्हणाला.  दुधरामने डोळे पुसले आणि माझ्यावर हात ठेवला.

पाडव्याला ढाल दुधरामच्याच खांद्यावर होती. चांदीला कुंकू लावून झाल्यावर त्याचं बोट सवयीने तिच्या रिकाम्या गळ्याकडे गेलं आणि थांबलं. मग तो वळला आणि ते कुंकू त्याने मला लावलं. लोक खो खो हसले. "लोढण्याले काऊन?" कुणीतरी ओरडलं. दुधराम म्हणाला, "यानं माजं नाव राखलं."

पुढे कबरी शहाणी झाली. मला चुलीत घालणार होते, पण दुधराम मला घरी घेऊन आला. उन्हाळ्यात तलाव आटला तेव्हा ती घंटीही सापडली. देवचंदने तीही दुधरामलाच देऊन टाकली. आज आम्ही दोघं त्याच्या नातवंडांच्या घरी एकाच खुंटीवर आहोत. तिच्यातला लोलक हरवला, ती वाजत नाही. तरी घरात येणारी पोरं आधी तिलाच उचलतात! अजून जळतो मी, लपवत नाही.

म्हणून एक मागणं आहे, मित्रांनो. पुढच्या वेळी कुणाला 'गळ्यातलं लोढणं' म्हणाल ना, तेव्हा आधी मागे वळून त्याची रेघ कुठवर गेली आहे ते बघा. आणि सणाला घंटी घासून झाली की माझ्याही अंगाला जरा जवसाचं तेल लावा. लाकूड तडकतं हो.