आठ सेकंदांचा दम

दीपाचा पारा चढला होता, आणि दोष यंत्राचा नव्हता. एमआरआयच्या बोगद्यात झोपलेल्या मिरजगावच्या रखमाजी आबांना तिनं चार वेळा बजावलं होतं, "मी सांगितलं की दम धरा, आबा." आणि चारही वेळा पडद्यावर आबांचं लिव्हर ओल्या शाईवर बोट फिरवल्यासारखं फरफटलेलं उमटलं होतं.

यंत्राजवळच्या पाटीवर 'श्वास रोखा' असं लिहिलेलं होतं. पण खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना 'दम' लवकर कळतो, हे दीपाचं भिंगारच्या एमआरआय सेंटरमधल्या बारा वर्षांच्या नोकरीतलं शहाणपण.

बाहेर आबांची लेक भारती मांडीवर जेवणाचा डबा घेऊन बसली होती. सोनोग्राफीत लिव्हरवर डाग दिसल्यापासून आबांनी अन्नच टाकलं होतं. डाग साधा की कॅन्सरचा, हे आज कळायचं होतं. चित्र नीट आलं नाही, तर पुण्याला जाऊन सुई घालून तुकडा काढायचा. सुईचं नाव काढलं की आबा म्हणत, "मला घरीच मरू द्या."

पाचव्या खेपेला यंत्राची धडधड सुरू व्हायच्या आधी माइकमधून बारीक आवाज आला. दीपानं कान टवकारले.

"हुतूतूतूतूतू…"

ती तशीच आत धावली. "आबा, हे काय चाललंय?"

"तुमीच म्हनला ना, दम धरा? तरनेपनी हुतूतूत माझ्याएवढा दम सगळ्या कर्जत तालुक्यात कुनाचा नव्हता, बाई. पर मुकाट्यानं दम धरला, तर पंचाला कळनार कसं?"

दीपाला हसू फुटलं आणि मागोमाग स्वतःच्या शहाणपणाची लाजही वाटली. "आबा, इथं पंच मी. मला पोटाच्या हालचालीवरून कळतं. तोंड मिटून, अगदी गप्प राहून धरायचा."

आबांनी धरला. पण यंत्र अठरा सेकंद मागत होतं आणि त्र्याहत्तर वर्षांची छाती दहाव्यालाच हार मानत होती.

दीपानं चित्रं तपासणाऱ्या राधाकृष्ण सरांना गाठलं. "सर, नवा प्रोग्रॅम लावू. आठ सेकंदांत होईल."

हा डीप लर्निंगचा प्रोग्रॅम गेल्याच महिन्यात आला होता. घाईघाईत थोडक्या माहितीवर काढलेलं चित्र खरखरीत यायचं. हजारो पोटांची चित्रं पाहून शिकलेला प्रोग्रॅम ती खरखर पुसून काढायचा. सरांचा त्याच्यावर काडीचा विश्वास नव्हता.

"जे नाही ते त्यानं मनानं रंगवलं तर? किंवा आहे तेच पुसलं तर? म्हाताऱ्याच्या जिवाशी खेळ नको, दीपा."

"मग दोनदा काढू. आणि मूळचं खरखरीत चित्रही शेजारी लावू. सगळीकडं डाग सारखाच दिसला, तरच माना."

सरांनी खुर्ची पुढं ओढली. "बघ काढून," ते शेवटी म्हणाले.

"आबा, आता छोटी चढाई. फक्त आठ सेकंद," दीपानं माइकवर सांगितलं.

आत चिडीचूप. पोट हललं नाही. दुसऱ्यांदाही नाही.

सर पडद्यापुढं वाकले. पहिलं चित्र, दुसरं, मग खरखरीत. तिन्हींत डाग तिथंच, गुळगुळीत काठाचा, पाणी दिसतं तसा पांढराशुभ्र. त्यांनी आणखी दोन प्रकारची चित्रं काढायला लावली, तीही अशीच लहान दमाची. तेव्हा कुठं त्यांनी चष्मा काढला. दीपानं मघापासून स्वतःचाही श्वास रोखला होता, तो आता सोडला.

आबांना भारतीजवळ आणून बसवल्यावर सर स्वतः दीपासोबत बाहेर आले. "आबा, साधी पाण्याची गाठ आहे. सुई नको, औषध नको. तिला तिथंच राहू द्या."

भारतीनं पदर तोंडाला लावला आणि ती रडू लागली. आबांनी मात्र सरांना सोडून दीपाकडं पाहिलं. "पंच, म्हंजी मी बाद न्हाई?"

"न्हाई, आबा. मधल्या रेघेला शिवून परत आलात."

आबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. "मंग रडती काय, भारते? डबा सोड. लई भूक लागली."