कोरडा वाडगा

मी एक वाडगा बोलतोय. स्टीलचा, जाड बुडाचा, काठ बाहेरून गोल वळवलेला. माझ्याबद्दल दुसरं काही ध्यानात राहिलं नाही तरी चालेल, पण हा काठ तेवढा ध्यानात ठेवा.

कारखान्यात पत्र्याची एक चकती यंत्राखाली गेली आणि एका दणक्यात माझा जन्म झाला. कुणाचा हात कापू नये म्हणून दुसऱ्या यंत्राने माझा काठ दुमडला. त्या दुमडीखाली केसाएवढी फट राहिली. तपासणाऱ्याने मला उजेडात फिरवलं, टिचकी मारून आवाज ऐकला आणि पास केलं. फट त्याला दिसली नाही. ती कुणालाच दिसत नाही, फक्त नखाला लागते.

दुकानात मी चार महिने धूळ खात पडलो. मग एके दिवशी एक उंच, रुंद हातांची बाई आली. तिने सात वाडगे वाजवून पाहिले, दुकानदाराला मेटाकुटीला आणलं आणि शेवटी मला उचललं. ती माझी मालकीण. छापखान्यातल्या बाइंडिंगच्या टेबलावर कागद दुमडून आणि शिवून तिच्या बोटांना घट्टे पडले होते. घरी तिचा नवरा, पूर्वी बस चालवणारा, आता निवृत्त होऊन दिवसभर खिडकीत बसणारा. तिला सगळे ताई म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. तिचा स्वभावच तसा होता, सगळ्यांचं करायचं आणि सगळ्यांवर डाफरायचं.

त्या घरात मी सुखात होतो, खोटं कशाला बोलू. माझ्यात पीठ मळलं जायचं, मटार सोलले जायचे, फळं कापली जायची. माणसांची एक तऱ्हा मला तिथे कळली. भांडं जागेवर असलं की ते त्यांना दिसत नाही, आणि जागेवर नसलं की घर डोक्यावर घेतात.

ताईच्या दोन जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या. तिघी बावीस वर्षं एकाच छापखान्यात. त्यातली एक चिमणी. हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण अंगाने एवढीशी आणि तोंडाची टकळी अखंड चालू, म्हणून सगळे तिला तेच म्हणायचे. ती छापून दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, म्हणजे फर्मे, मोजायची आणि पुस्तकांना खळ लावायची. तिला शेंगदाणा चालत नव्हता. आवडत नव्हता असं नव्हे, एक दाणा जरी पोटात गेला तरी घसा सुजून श्वास कोंडायचा. तिच्यासाठी अख्ख्या छापखान्याने डब्यात दाणे आणणं सोडलं होतं. तिच्या पर्समध्ये कायम एक इंजेक्शन असायचं.

दुसरी मास्तरीण. तिने आयुष्यात कधी शाळेत शिकवलं नाही. ती प्रुफं तपासायची, आणि प्रुफं संपली की माणसं तपासायची. भिंतीवरच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, लग्नाच्या पत्रिका, काही म्हणून तिच्या नजरेतून सुटत नसे. चिमणीच्या हातात कुठलंही पाकीट आलं की मास्तरीण ते आधी काढून घ्यायची आणि मागचा बारीक मजकूर मोठ्याने वाचून दाखवायची. मग म्हणायची, "खा." चिमणी त्यानंतरच तोंड उघडायची.

आता चॉकलेटचं सांगतो. वितळलेल्या चॉकलेटला पाण्याचं भयंकर वावडं असतं. एक थेंब पडला तरी ते आखडतं, त्याचे खडे होतात, आणि मग काही केल्या ते सरळ होत नाही. ही गोष्ट घडली त्याच्या आदल्या वर्षी छापखान्यातल्या एका समारंभासाठी ताईने चॉकलेटमध्ये बुडवलेल्या फळांच्या काड्या करायला घेतल्या. मला घासूनपुसून लख्ख केलं होतं. पण माझ्या काठाच्या दुमडीत पाणी दडून बसलं होतं. मला तिरका केला तसा तो थेंब आत पडला, आणि बघता बघता सगळं चॉकलेट खडबडीत झालं. मास्तरणीने वर्षभर ताईला सुखाने जगू दिलं नाही. "ताई, यंदा चॉकलेट करणार आहेस की खडी?" असं ती टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायची. ताई हसायची, पण ते तिच्या मनाला लागलं होतं. तेव्हापासून तिने नियमच केला. चॉकलेट करायचं असलं की आदले दोन दिवस मला पाणी लावायचं नाही, फक्त कोरड्या फडक्याने पुसायचं.

चिमणीला पन्नास वर्षं पूर्ण झाली. रविवारी चार वाजता ताईच्या घरी पार्टी ठरली. शनिवारी सकाळी नवरोबांना भाजलेले दाणे खायची हुक्की आली. ताईने दाणे भाजले, माझ्यात घातले, तेल-मीठ चोळलं आणि डब्यात भरले. मग तिला चिमणीची आठवण झाली. तिने तो डबा नवऱ्याच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. ओटा तीन वेळा पुसला. कढई घासली, झारा घासला, स्वतःचे हात कोपरापर्यंत धुतले. मला उचललं, नळाखाली नेलं, आणि थबकली. उद्या चॉकलेट आहे. तिने नळ बंद केला, कोरडं फडकं घेतलं आणि मला आतून बाहेरून पुसून चकचकीत केलं. आतून मी आरशासारखा दिसत होतो. दाण्यांची सालं काठाच्या फटीत होती.

मला कळत होतं हो. पण भांड्याला कळून काय उपयोग?

रविवारी दुपारी तिघी ओट्याशी उभ्या होत्या. स्ट्रॉबेऱ्या धुऊन एकेक करून टॉवेलवर सुकवल्या होत्या. केळी, द्राक्षं, अननसाच्या फोडी. चिमणी बांबूच्या काड्यांवर फळं ओवत होती आणि तोंडाने छापखान्यातल्या सगळ्यांच्या नकला करत होती. चॉकलेट मास्तरणीने आणलं होतं. तिने वेष्टन डोळ्यांसमोर धरलं आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं. साखर, कोको, दुधाची पावडर, पुढचं सगळं. शेंगदाणा कुठेही नव्हता, त्याचा अंशही असण्याचा इशारा नव्हता. ताईने ऐकलं, चिमणीने ऐकलं, मीही ऐकलं.

मग मला गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवलं. चॉकलेट वितळलं, मऊ झालं, चमकायला लागलं. एकही खडा झाला नाही. ताईचा चेहरा फुलला होता. तिने मला पातेल्यावरून उचललं, बुडाला लागलेली वाफ टिपली, आणि चिमणीला म्हणाली की पहिली काडी तुझी. चिमणीने काडी माझ्यात बुडवली, फिरवली, आणि जास्तीचं चॉकलेट माझ्या काठावर निथळवलं. सगळेच तसं करतात. त्या काठावर.

चिमणीने पहिली स्ट्रॉबेरी खाल्ली आणि दुसऱ्या नकलेला सुरुवात केली. मध्येच थांबली. गळ्याला हात लावला. तिची टकळी थांबलेली मी पहिल्यांदाच पाहिली. मास्तरणीने धावत जाऊन पर्स आणली, मांडीत इंजेक्शन टोचलं. ताईचा नवरा फोनवर पत्ता सांगत होता आणि दर वेळी घराचा नंबर चुकवत होता. अँब्युलन्स आली, तिघी गेल्या. ओट्यावर काड्या तशाच पडून राहिल्या, माझ्यात चॉकलेट थिजलं. चार वाजता पाहुणे आले आणि दारातूनच परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणी गेली.

डॉक्टर म्हणाले, शेंगदाणाच पोटात गेला. चॉकलेटच्या कारखान्यात असे प्रकार होतात, असंही म्हणाले. वेष्टन तोवर कचऱ्याच्या गाडीतून गेलेलं होतं. कुणी मुद्दाम बोट दाखवलं नाही, पण चॉकलेट कुणी आणलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. खापर आपोआप मास्तरणीच्या डोक्यावर फुटलं.

तिसऱ्या दिवशी ताईने मला घासायला घेतलं. गरम पाणी ओतलं, चॉकलेट सुटून आलं. तिने सवयीने नख काठाखालून फिरवलं. नखावर तांबूस सालाचा एक तुकडा आला. ताई त्या सालाकडे बघत राहिली. नळ वाहत होता. नवरा मागे येऊन उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "शनिवारी दाणे यातच..."

"एक शब्द बोलू नका," ताई म्हणाली.

तो खिडकीत जाऊन बसला. त्या दिवसानंतर त्या घरात टीव्हीचा आवाज वाढला आणि माणसांचा कमी झाला.

आठवड्याभराने मास्तरीण आली. तिचे डोळे सुजलेले होते. बसलीसुद्धा नाही, ओट्याला टेकून उभी राहिली, मी तिच्या कोपरापाशी होतो. तिने एकच गोष्ट विचारली. "ताई, मी ते वेष्टन मोठ्याने वाचलं होतं ना? तू इथेच होतीस. तू ऐकलंस ना?"

ताईने मला उचलून फळीवर ठेवलं. तिची पाठ मास्तरणीकडे होती. "गडबड होती गं," ती म्हणाली. "मला आठवत नाही."

मी पुष्कळ आवाज ऐकले आहेत. पण त्या शेवटच्या तीन शब्दांइतका वाईट आवाज मी ऐकलेला नाही. नुसतं गप्प बसली असती तरी एक वेळ चाललं असतं.

त्याच संध्याकाळी माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथून खालचं सगळं ऐकू यायचं. मास्तरीण आता एकेक पान पाच पाच वेळा वाचते आणि तरी सही करत नाही, असं ताई नवऱ्याला सांगायची. काम तुंबलं. मालकाने समजावलं, मग आवाज चढवला. शेवटी मास्तरणीने स्वतःच राजीनामा दिला. हे सांगताना ताई जेवणाच्या ताटावरून उठून गेली. तिला वाईट वाटत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तिला फार वाईट वाटत होतं. पण तिच्या वाईट वाटण्याने मास्तरणीचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास परत येणार नव्हता, आणि माळ्यावर मला याचा संताप संताप व्हायचा.

आठ महिन्यांनी एका रविवारी सकाळी ताई स्टुलावर चढली आणि तिने मला खाली काढलं. मधल्या टेबलावर ठेवलं. मास्तरणीला फोन करून म्हणाली, ये, तुझ्याशी बोलायचंय. मग माझ्यासमोर बसून ती ओठातल्या ओठात शब्द जुळवत राहिली. नवरा खिडकीतून उठून आला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून परत गेला. मला वाटलं, सुटलो एकदाचे सगळे.

मास्तरीण आली ती वेगळीच दिसत होती. रडून मोकळी झालेल्या माणसासारखी. ताईने तोंड उघडायच्या आत तीच बोलायला लागली. काल ती चिमणीच्या मुलीकडे जाऊन आली होती. तिने मुलीला सांगितलं की वेष्टन मी नीट वाचलं नाही, तुझी आई माझ्या चुकीने गेली. मुलगी उठून तिच्याजवळ आली. मग तिने मास्तरणीला मिठी मारली आणि म्हणाली, "मावशी, कुणीतरी खरं सांगितलं. आता मला झोप लागेल."

ताईचे दोन्ही हात माझ्याभोवती होते. ते घट्ट झाले, इतके की मला वाटलं माझा पत्रा दबेल. एक वाक्य बोलायचं होतं. तिने मास्तरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"चहा ठेवते," ती म्हणाली.

चहा झाला. जाताना मास्तरणीने मला हातात घेतलं. म्हणाली, चिमणीचा हात शेवटचा यालाच लागला होता, हा मला देशील? ताई नाही म्हणू शकली नाही. तिने मला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं आणि दार लावून घेतलं.

आता मी मास्तरणीच्या घरी असतो, तिसऱ्या मजल्यावर. तिने मला कपाटावर चिमणीच्या फोटोशेजारी ठेवलंय. माझ्यात काही घालत नाही, फक्त येताजाता मला हात लावते. मला तो मान सहन होत नाही. ज्याला भंगारात टाकायला हवं त्याला ही बाई जपते आहे.

ताई एकदाही इकडे आलेली नाही. मुलीला झोप लागते, पण मास्तरीण काही सुटलेली नाही. तिच्या घरात एक वर्तमानपत्र येत नाही, एक पुस्तक उघडलं जात नाही. गोळ्यांचं पाकीट संपलं की ती नवं पाकीट घेऊन शेजारणीचं दार ठोठावते. शेजारीण एकदा म्हणाली, "अहो, तुम्हाला तर चष्म्याशिवाय दिसतं."

"दिसतं," मास्तरीण म्हणाली. "पण मी वाचलेलं खरं नसतं. तुम्हीच सांगा काय लिहिलंय."

वाचकांनो, माझं हे बोलणं ताईपर्यंत पोचत नाही, म्हणून तुमच्या पाया पडतो. ती बाई तुम्हाला कुठे भेटली, उंच, रुंद हातांची, बोटांना घट्टे पडलेली, तर तिला इकडे पाठवा. ताई, तू ये. माझं नाव सांगू नकोस हवं तर, दाण्यांचंही पुढे कधीतरी सांग. पण मास्तरणीला एवढं सांग की तू वाचलं होतंस, मोठ्याने वाचलं होतंस, आणि मी ऐकलं होतं.