गोधडीचं पाणी कुठवर उडतं

मित्रांनो, मी एक जुना पितळी ओळंबा आहे. दिसायला भोवऱ्यासारखा, पण भोवऱ्यासारखा नाचत नाही. गवंडी मला दोरीला बांधून भिंतीशी सोडतो आणि मी स्थिर झालो की भिंत सरळ आहे की वाकडी ते कळतं. तोंडदेखलं बोलणं मला जमत नाही. त्यामुळे काही लोकांचं माझ्याशी कधीच पटलं नाही.

बारामतीतल्या एका लेथवर माझा जन्म झाला. सांगवीच्या सोपान गवंड्याच्या वडिलांनी मला घेतलं. त्यांच्याबरोबर मी विहिरींचे कठडे पाहिले, माळेगावच्या कारखान्याजवळच्या कितीतरी घरांचे कोपरे तपासले. "ओळंबा म्हणंल ते खरं," असं ते चारचौघांत सांगत, तेव्हा मला भारी अभिमान वाटे. पुढे सोपानने लेझरचं यंत्र आणलं. बटण दाबलं की भिंतीवर लाल रेघ! मी पिशवीच्या तळाशी, खिळ्यांच्या पुड्याखाली जाऊन पडलो. वाईट वाटलं, लपवू कशाला?

गेल्या उन्हाळ्यात वडगाव निंबाळकरला सावळाराम आबांच्या घरी बाथरूमचं काम निघालं. जुन्या टाईल्स तीनच फूट होत्या. त्यांच्या वरची भिंत भिजायची आणि ओल पलीकडच्या खोलीत उतरायची. ती खोली आबांच्या पत्नी प्रयागबाईंची. तिथे पोपडे निघायचे, बुरशी धरायची. प्रयागबाईंना दमा. पावसाळ्यात त्यांना दोन वाक्यं सलग बोलता येत नसत. भिंतीची ओल थांबवा, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं.

आबांनी जुना गिलावा काढून नवा करून घेतला. तो चांगला वाळला, पण टाईल्सचा हिशेब त्यांनी जुनाच धरला.

"तीन फूट लय झालं," ते सोपानला म्हणाले. "आंघोळ बसूनच करतो की आपण. राहिलेल्या टाईल्स ओट्याच्या भिंतीला लाव. पाहुणं ओट्यावर बसत्यात, बाथरूममधी न्हाय."

सोपानने तीन फुटांवर लाल रेघ पाडली. रेघ अगदी सरळ होती, तेवढं मान्य करतो. पण यंत्राला तीन सांगितलं की ते तीनवरच रेघ पाडतं. त्याला दम्याचं काय माहीत!

प्रयागबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आधी श्वास घेतला, मग बोलल्या, "आवो, बसून आंघोळ तुमची. दोन तांब्यात मोकळं होताय. हितं धुणं कोण आपटतंय?"

"धुण्याचं पाणी उडून उडून किती उडंल?" आबा हसले.

"मग बघूच की. वृषाली, माझी गोधडी भिजीव."

वृषाली त्यांची सून. दसऱ्याआधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायच्या ही इथली रीत, आणि पूर्वी कालव्यावर होणारं ते काम आता बाथरूममध्येच होतं. तिने धुण्याचा दगड आत ओढला, पदर खोचला आणि भिजलेली गोधडी उचलली. यंत्राला पाणी चालत नाही, म्हणून सोपानने ते लगबगीने बाहेर नेलं. ते पाहून मला पिशवीतच गुदगुल्या झाल्या.

"दसऱ्याला आपटतीस तशी आपट," प्रयागबाई म्हणाल्या. "सासरा हुबा हाय म्हणून हात राखू नगंस."

वृषालीने हात राखला नाही. तिसऱ्या आपटीला आबांची टोपी भिजली. कोरड्या गिलाव्यावर काळे ठिपके उठले, काही तर वृषालीच्या डोक्याच्याही वर गेले.

सोपानने पिशवी उलटी करून मला शोधलं. सगळ्यात वरच्या ठिपक्यावर दोरी धरली आणि मला जमिनीपर्यंत सोडलं. मी जरा हेलकावलो आणि थांबलो. मग त्याने टेपने दोरी मोजली.

"आबा, सव्वासहा फूट. सातपतूर न्यायला पायजे."

"मग ओट्याला टाईल्स पुरायच्या न्हाईत," आबा म्हणाले.

"न पुरू द्यात," प्रयागबाई म्हणाल्या. त्या दाराची चौकट धरून उभ्या होत्या, पण आवाज हलला नाही. "ओटा उघडा ऱ्हायला तर पाहुणं मरायचं न्हाईत. मला पावसाळ्यात श्वास पुरला पायजे."

आबांनी टोपी काढून पिळली, ओट्यावर गेले आणि टाईल्सचं एक खोकं स्वतः उचलून आत आणलं. मग दुसरं आणलं.

काम संपल्यावर प्रयागबाईंनी मला सोपानकडून मागून घेतलं. आता मी त्यांच्या खोलीत, त्याच भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो. सबंध पावसाळा गेला. माझ्या पितळेवर हिरवा डाग पडला नाही. प्रयागबाई शेजारणीशी अर्धा अर्धा तास भांडतात आणि मध्ये थांबत नाहीत. ते ऐकून मला फार बरं वाटतं.

ओट्याची भिंत अजून उघडीच आहे. पाहुण्यांनी विचारलं की आबा त्यांना थेट या खोलीत आणतात आणि म्हणतात, "हात लावून बघा. कोरडी हाय का न्हाय?"

मित्रांनो, उद्या तुम्हीही घरं बांधाल. एवढं माझं ऐका. ज्या जागेत जी बाई रोज राबते, तिला आधी विचारा. दोरी मग सोडा.